टेन्शन आलं की ‘खोल श्वास घे’ नका सांगू, आधी श्वास सोडा

मेंदूला धोका वाटला, मग समोर ट्रक असो की साहेबांचा फोन, किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी लगेच कामाला लागतात. अ‍ॅड्रिनलिनने छाती धडधडते, मागोमाग कॉर्टिसॉल हे टेन्शनचं दुसरं हार्मोन येतं, लिव्हर रक्तात साखर सोडतं, पचन मागे पडतं. पळून जायचं असेल तर हे सगळं कामाचं, पण आपण खुर्चीतच बसलेलो असतो ना! आणि हेच महिनोन्‌महिने चाललं की बीपी, शुगर, झोप, पोट सगळ्यावर येतं.

पहिलं, टेन्शन आलंय हे ओळखा. दात आवळलेत, खांदे कानापाशी गेलेत? मग सुरू करा.

दुसरं, पाय जमिनीला टेकवून बसा, कमरेचं घट्ट असेल ते सैल करा.

तिसरं श्वास, आणि इथेच मी कितीतरी महिने चुकत होते. जो तो सांगायचा खोल श्वास घे, म्हणून मी छाती फुगवून भराभर घ्यायचे. एकदा मार्च एंडिंगला दादरच्या पुलावर ओठ बधिर झाले, बोटांना मुंग्या, डोकं गरगरलं, वाटलं हार्ट अटॅकच आला. अटॅक नव्हता, जास्त श्वास घेऊन रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला होता, त्याने असंच होतं. त्यामुळे हा सल्ला कोणी दिला की मला अजून राग येतो.

करायचं असं: बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून आधी हळू श्वास सोडा. मग नाकाने चार आकडे आत, पोट हलकं वर येईल एवढाच, आणि सहा आकडे बाहेर. दहा सेकंदांचा एक, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटं. मनगटावर बोटं ठेवून बघा, श्वास घेताना नाडी जरा पळते, सोडताना संथ होते, हे व्हेगस नर्व्हचं, म्हणजे मेंदूकडून हृदयाला ‘सावकाश’ सांगणाऱ्या नसेचं काम, आणि म्हणूनच सोडणं लांबवायचं. श्वास रोखून धरू नका, सुरुवातीला तर अजिबात नको, घुसमटल्यासारखं होऊन भीती उलट वाढते. आणि सराव टेन्शन नसताना करा, कुकर लावलाय तेवढ्या वेळात. ऐनवेळी पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही, मलाही जमलं नव्हतं.

चौथं, उठून दहा मिनिटं चाला.

पाचवं, संध्याकाळचा चहा सोडा, निम्मं कॅफीन उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, घाम फुटला असेल तर श्वास मोजत बसू नका, 108 ला फोन करा. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन नाही असं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, 24 तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.