काळ्या मातीवरचा बंगला वाढवताना

जुन्या बंगल्याला एक-दोन खोल्या जोडायचे ठरले की घरात पहिली चर्चा खोलीच्या मापांची होते. मराठवाड्यात मात्र ती जमिनीपासून सुरू करावी. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे केव्हाच स्थिरावलेले जुने घर आणि यंदा बांधलेली खोली सारखी बसत नाहीत व तडा बहुधा दोहोंच्या सांध्यावरच जातो.

म्हणून आधी जुन्या भिंतींची परीक्षा करावी. भेगेवर काचेची अरुंद पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने पक्की करावीत आणि शेजारी तारीख लिहावी. मे महिन्यात लावलेली पट्टी दिवाळीपर्यंत शाबूत राहिली तर भेग बहुधा जुनीच आहे. तडकली तर भिंत अजून हलते आहे असे समजून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. एवढा धीर धरणारे थोडेच, हे खरे.

नवा पाया काळी माती ओलांडून कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा. थर फारच खोल असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब घेतात. नवे कॉलम स्वतंत्र उभे करून जुन्या-नव्या बांधकामात सलग सांधा मोकळा सोडावा. नवा स्लॅब जुन्या भिंतीत खोचून खर्च वाचवण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो गोडीत नाकारावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे (मातीची सपाट छपरे) मिळून कोसळली; लातूर-धाराशिवकडे हॉल मोठा करण्यासाठी भार पेलणारी भिंत काढू पाहणाऱ्याने हे विसरू नये.

मांडणी कागदावर पटते, जागेवर पटतेच असे नाही. अंगणात फक्कीने नव्या खोलीची रेघ मारावी, तिच्यात पलंग व कपाट ठेवून दार कुठे उघडते ते पाहावे. पश्चिमेला शयनगृह देण्यापेक्षा जिना, कोठीघर किंवा न्हाणीघर दिल्यास दुपारच्या उन्हाचा मारा तेच झेलतात. वाढीव खोलीमुळे मधल्या खोलीची खिडकी बुजणार असेल, तर जुन्या वाड्याच्या चौकासारखी चार-पाच फुटांची उघडी जागा मध्ये राखावी; दिवसा दिवा लावावा लागणारी खोली पुढे अडगळीचीच होते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर जुन्या सांडपाण्याच्या वाटेजवळ ठेवावे, कारण पायालगत गळणारा पाइप काळ्या मातीला सतत ओल पुरवतो.

सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) आणि चटई क्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्र) राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार वास्तुविशारदाकडून तपासून, सुधारित नकाशा मंजूर झाल्यावरच खोदाई सुरू करावी. पायाचे काम पावसाआधी जोत्यापर्यंत आणावे आणि भिंतीभोवती तीन फूट फरसबंदी बाहेरच्या उताराने करून घ्यावी.