कॉपरबँड अखेर खायला लागला
नवा कॉपरबँड बटरफ्लाय (खाऱ्या पाण्यातला शोभेचा मासा) माझ्या मत्स्यटाकीत नीट फिरत होता, पण पेलेट्सकडे, म्हणजे तयार दाणेदार खाद्याकडे, ढुंकूनही पाहत नव्हता. समुद्रात हा मासा लांब चोचीने खडकांच्या फटींतले किडे वेचून खातो. तरंगणारा दाणा त्याला अन्न वाटतच नाही. म्हणून मासळी बाजारातून ताज्या तिसऱ्या आणल्या, आधी फ्रीझरमध्ये गोठवल्या, मग एक उघडून शिंपल्यासकट खडकाच्या खाचेत ठेवली. थोड्याच वेळात चोच आत! किती आनंद झाला! पुढे त्याच शिंपल्यात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) भरत गेलो, आणि हळूहळू तो पाण्यातली मायसिसही टिपू लागला. उरलेलं मांस लगेच काढायचं, नाहीतर अमोनिया वाढतो. टाकीत टँग जातीचा मासा असेल तर याला सुरुवातीला वेगळंच ठेवा. दांडगे मासे या सावकाश खाणाऱ्याला घासच मिळू देत नाहीत.