इंजिन बिघाडाची धास्ती आणि विमानप्रवासाची तयारी

सांगलीहून कोल्हापूर किंवा पुण्याच्या विमानतळाकडे निघणाऱ्या ज्येष्ठांना इंजिन बंद पडण्याची धास्ती वाटत असेल, तर त्यांना आधी हे समजावून सांगावे की दोन इंजिनांचे प्रवासी विमान एकाच इंजिनावर वर चढू शकते आणि सुरक्षित उतरू शकते, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. धावपट्टीवर ठरावीक वेग ओलांडल्यानंतर इंजिन बिघडले, तर वैमानिक विमान न थांबवता उड्डाण करतो व मग परततो. सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या सरावयंत्रावर, हा सराव त्याला वारंवार करावा लागतो. दोन्ही इंजिने एकदम बंद पडणे फारच दुर्मीळ. २००९ मध्ये न्यूयॉर्कजवळ पक्ष्यांच्या धडकेने तसे घडले, तरी हडसन नदीत उतरवलेल्या विमानातील सर्व १५५ जण वाचले.

आसनावर बसताच जवळच्या संकटकालीन दारापर्यंतच्या रांगा मोजाव्यात, कारण धुरात केवळ हाताने चाचपत जावे लागते. सूचनेचा दिवा विझला तरी पट्टा बांधलेलाच ठेवावा. बाहेर पडण्याचा आदेश झाल्यास पिशवीसाठी क्षणभरही थांबू नये: निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत सर्वजण बाहेर पडू शकतात याची चाचणी झालेली असते, पण त्यात कोणी सामान उचलेल हे गृहीत धरलेले नसते. म्हणून रोजची औषधे अंगावरच्या खिशात ठेवावीत.