पुस्तक शेल्फवर नाही? मग रिझर्व्ह केलंत का?

नवीन ॲडमिशन झालेल्यांसाठी लिहितोय. सेम सुरू झाली की तेच ऐकू येतं, लायब्ररीत पुस्तकंच नसतात, सगळी सर लोक आणि पीएचडीवाले घेऊन बसतात. यातलं अर्धं खरं आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांना अख्खी सेम, कधी कधी वर्षभर पुस्तक ठेवता येतं आणि आपल्याला जेमतेम एक-दोन आठवडे, त्यामुळे कॉपी एकच असली की ती कोणाच्या तरी केबिनमध्ये पडून राहते. उरलेलं अर्धं मात्र आपल्याच हातात असतं, आणि ते म्हणजे होल्ड टाकणं, म्हणजे बाहेर गेलेलं पुस्तक आपल्या नावाने रिझर्व्ह करणं.

मी शिकत असताना लायब्ररीच्या काउंटरवर काम केलंय. कॅटलॉगमध्ये पुस्तक उघडायचं, स्टेटस 'इश्यूड', शेजारी ड्यू डेट, आणि होल्डच्या रकान्यात शून्य. अख्खा वर्ग त्या पुस्तकाच्या नावाने बोंबलतोय आणि होल्ड शून्य! मग ज्याच्याकडे ते आहे तो घरबसल्या रिन्यू दाबत राहतो आणि सिस्टीमही देत राहते, कारण तिच्या लेखी ते दुसऱ्या कोणाला नकोच आहे. एक जरी होल्ड पडला तरी बहुतेक ठिकाणी रिन्यू बंद होतं, आणि जिथे रिकॉलची सोय आहे तिथे मुदत संपायच्या आधीच पुस्तक परत मागवतात, सरांकडचं सुद्धा. तुमचं नाव सहसा त्यांना कळत नाही, तेव्हा उगाच घाबरू नका.

दुसरं म्हणजे जादा कॉपी घ्यायची तर लायब्ररियनला काहीतरी आकडा दाखवावा लागतो. होल्डची रांग दाखवता येते, तुमची कॅन्टीनमधली तक्रार नाही दाखवता येत. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला दुसरा आहे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, पण तो वाचक आहे हे आधी लायब्ररीला कळायला तर पाहिजे ना.

फाइनबद्दल माझं मत जरा कडू आहे. ज्याला परवडतं तो फाइन भरून पुस्तक ठेवतो, म्हणजे दंड कसला, भाडंच झालं ते, आणि ज्याला परवडत नाही तो भीतीने पुस्तकच घेत नाही. म्हणून काही लायब्रऱ्यांनी साधा लेट फाइन काढून टाकला आणि पुस्तक परत येईपर्यंत कार्ड ब्लॉक करायला सुरुवात केली, ते मला जास्त बरोबर वाटतं.

सिलॅबसमधलं मुख्य पुस्तक असेल तर सरांना सेमच्या सुरुवातीलाच सांगा की एक कॉपी शॉर्ट लोनला टाका, म्हणजे ती काही तासांसाठीच मिळते पण सगळ्यांना फिरते. परीक्षेच्या तोंडावर सांगून उपयोग नसतो.

ई-बुक असलं तरी निश्चिंत राहू नका, कितीतरी लायसन्स एका वेळी एकाच वाचकाचे असतात, त्यामुळे वाचून झालं की टॅब तशीच उघडी टाकून जेवायला जाऊ नका, रिटर्नचं बटण असेल तर दाबा. आणि आपल्याकडे पुस्तकच नसेल तर इंटरलायब्ररी लोनचा, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवायचा फॉर्म असतो, वेळ लागतो पण येतं.

होल्ड टाकलात की मेल बघत जा, स्पॅम सुद्धा. पुस्तक काउंटरमागच्या शेल्फवर थोडेच दिवस ठेवतात, नाही नेलं तर रांगेतल्या पुढच्याला जातं.