अलंग-मदनच्या शनिवार-रविवारची आखणी : या चुका टाळा

हिवाळा सुरू झाला की नाशिक जिल्ह्यातल्या अलंग, मदन आणि कुलंग या गडांच्या त्रिकुटाकडे निघणाऱ्यांची गर्दी वाढते आणि दरवर्षी त्याच त्या चुका नव्याने पाहायला मिळतात. त्यांतल्या फार थोड्या चुका प्रत्यक्ष कातळावर होतात. बहुतेक चुका शुक्रवारी सॅक भरण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात, कारण आखणी करणाऱ्याने अंतर मोजलेले असते पण वेळ मोजलेला नसतो, आणि सामानाची यादी केलेली असते पण ते सामान रात्री कोणाच्या हाताशी असेल याचा विचार केलेला नसतो. हे दुर्ग कठीण आहेत ते मुख्यतः अलंग आणि मदनच्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 च्या युद्धानंतर सुरुंग लावून उडवल्यामुळे. त्यामुळे तिथे दोराशिवाय चढता येत नाही, आणि दोर आला की चालण्याचे सगळे हिशेब बदलतात.

दोन दिवसांत तिन्ही गड

ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे आणि तिला जाहिरातींनी प्रतिष्ठा दिली आहे. पायथ्याच्या आंबेवाडी गावातून अलंग-मदनच्या खिंडीत तीन-चार तासांत पोचता येते, खिंडीतून अलंगचा कातळटप्पा जवळ आहे, मदन समोर दिसतो आणि त्यापलीकडे कुलंग; नकाशावर बोट फिरवले की सगळे दोन दिवसांत सहज बसते. पण अलंगचा मुख्य कातळटप्पा सुमारे ऐंशी-नव्वद फुटांचा आणि जवळजवळ सरळ उभा आहे, आणि मदनचा साधारण पन्नास फुटांचा. या टप्प्यांवर एका वेळी एकच माणूस चढतो. बाकी सर्वजण उभे असतात.

त्यामुळे दोरावरचा वेळ माणसांच्या संख्येने गुणावा लागतो. नवख्या माणसाला हार्नेस (कमरेला बांधायचा सुरक्षापट्टा) तपासून घेणे, दोर बांधणे, चढणे, वर पोचून स्वतःला अँकरला, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधाराला, अडकवणे आणि दोर पुन्हा खाली सोडणे यासाठी दहा मिनिटे धरली तर ती कमीच आहेत. सोळा माणसांची एकशे साठ मिनिटे होतात. त्याशिवाय सॅक पाठीवर घेऊन तो टप्पा चढता येत नाही, त्या दोराने ओढून घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक सॅकला चार मिनिटे धरली तरी आणखी तासभर जातो. म्हणजे एकाच टप्प्यावर, फक्त चढताना, पावणेचार तास. दुसऱ्या दिवशी सकाळी याच टप्प्यावरून सर्वांना उतरवायचे असते, मदनवर पुन्हा चढवून पुन्हा उतरवायचे असते, आणि डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. हा गुणाकार शाळकरी मुलालाही येतो, तरी तो न करता गाडीच्या जागा भरल्या जातात.

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातला प्रसंग सांगतो. आमचा छोटा गट दुपारी अलंगच्या गुहेत पोचला होता आणि कातळात खोदलेल्या टाक्यावरून पाणी भरून आणणे चालले होते, तेव्हा खालून बराच गलबला ऐकू येऊ लागला. पैसे घेऊन मोहिमा नेणाऱ्या एका गटाचे दोन डझन लोक कातळटप्प्याखाली येऊन थांबले होते. सोबत एकच दोर होता. पहिला माणूस चढायला लागला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, आणि अंधार पडला तेव्हा निम्मे लोक वर होते व निम्मे खाली. त्यांच्या सामानाची वाटणी प्रकारानुसार झालेली होती: दोन्ही स्टोव्ह आणि भांडी म्होरक्याच्या सॅकमध्ये, ती सर्वांत आधी वर आलेली, तांदूळ, डाळ आणि झोपताना खाली अंथरायच्या कॅरीमॅट बाकीच्यांच्या पाठीवर, ते सगळे खाली. वरच्यांकडे चूल होती पण धान्य नव्हते, खालच्यांकडे धान्य होते पण चूल नव्हती, आणि खालच्यांचे पाणी जवळजवळ संपले होते.

आमच्यातले दोन अनुभवी सहकारी हेडलॅम्प लावून खाली उतरले. पाण्याचे कॅन, आमचा एक स्टोव्ह आणि तीन स्लीपिंग बॅगा त्यांनी सोबत नेल्या. त्यांनी सर्वांना कड्याच्या थेट पायथ्यापासून दूर, खिंडीच्या सपाट जागेत हलवले, कारण वरून येणारा एक लहानसा दगडही पुरेसा असतो. सुती टी-शर्ट घातलेली एक मुलगी थंडीने इतकी थरथरत होती की तिला स्वतःची बाटली उघडता येत नव्हती. तिला कोरडे कपडे घालून, गरम साखरपाणी पाजून दोघांच्या मध्ये झोपवावे लागले. रात्र कशीबशी सरली, कोणाला इजा झाली नाही. सकाळी तो म्होरक्या म्हणाला की लोक फारच हळू निघाले. मला ते मुळीच पटले नाही. लोक नवखे होते, त्यांनी तितक्याच वेगाने चढणे अपेक्षित होते, आणि त्यांचा वेग शुक्रवारी रात्री कागदावर मांडता आला असता.

माझा शिरस्ता असा आहे : शनिवार-रविवारात अलंग आणि मदन हे दोनच; माणसे आठ, फार तर दहा; दोर दोन, म्हणजे एकावर माणसे चढतात तेव्हा दुसऱ्यावर सामान ओढता येते. दुपारी बारापर्यंत पहिला माणूस कातळाला भिडला नाही, तर त्या दिवशी अलंग सोडून द्यायचा आणि मुक्काम गावात करायचा. ही वेळ मी आंबेवाडीतच सर्वांना सांगतो, म्हणजे खिंडीत तिच्यावर वाद होत नाही. कुलंगला तिसरा दिवस द्यावा किंवा वेगळा शनिवार-रविवार. कुलंगला दोर लागत नाही, पण 1470 मीटरच्या त्या माथ्यापर्यंतची चढण इतकी लांब आणि दमवणारी आहे की आदल्या दोन दिवसांचा थकवा घेऊन तिथे जाण्यात अर्थ नाही. ज्यांनी अजून उभ्या कातळावर पाय ठेवलेला नाही त्यांनी तर आधी कुलंगच करावा. भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण पाहून थेट मदनच्या कातळाखाली येऊन उभे राहणाऱ्यांची घाई मला समजते, तरीही एक हंगाम सोप्या गडांवर घालवल्याने कोणाचेही काही बिघडत नाही.

सामानाची वाटणी

वरच्या प्रसंगातली खरी गोम वाटणीत होती. सामान प्रकारानुसार वाटू नये, माणसांनुसार वाटावे. मी गटाचे चार-चार जणांचे भाग करतो आणि प्रत्येक भागाकडे स्वतःचा छोटा स्टोव्ह, एक पातेले, एका रात्रीचे धान्य, प्रथमोपचाराची पिशवी आणि किमान एक जाड पांघरूण असते. प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचा टॉर्च, गरम कपडा आणि एका जेवणाइतका कोरडा खाऊ असतोच. याने एकूण वजन थोडे वाढते, पण कोणताही भाग कुठेही अडकला तरी ती रात्र काढू शकतो.

इंधनाबद्दल एक गोष्ट हटकून विसरली जाते. मुंबईहून बहुतेकजण मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची कसारा लोकल पकडतात आणि गॅसचे डबे सॅकच्या तळाशी असतात. ज्वालाग्राही वस्तू रेल्वेतून नेणे हा रेल्वे अधिनियम 1989 नुसार गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शुक्रवारच्या गच्च भरलेल्या डब्यात गॅस नेणे हा सहप्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. आम्ही दोर, लोखंडी सामान आणि इंधन नाशिक महामार्गाने येणाऱ्या एका गाडीतून घोटीमार्गे गावात पोचवतो. गाडी नसेल तर शनिवारी रात्रीसाठी गावातूनच भाकरी, ठेचा आणि सुकी भाजी बांधून घेतो. त्या घरांना आदल्या आठवड्यात फोन केलेला असावा. पहाटे चार वाजता दार वाजवून दहा जणांचा स्वयंपाक मागणे हे पाहुण्यांचे वागणे नव्हे.

पाणी

सह्याद्रीच्या माथ्यावर टाकी आहेत, म्हणून पाणी आहे, असे गृहीत धरणे ही माझ्या यादीतली दुसरी मोठी चूक आहे. अलंगवर आणि कुलंगवर टाक्यांचे चांगले समूह आहेत, पण टाक्यापर्यंत पोचण्याआधी तुमचा सगळा दिवस उन्हात आणि कातळाखाली ताटकळण्यात जातो, आणि ताटकळतानाही माणूस पाणी पितो. वाटेतल्या ओहोळांवर तर नोव्हेंबर उलटल्यावर अजिबात विसंबू नये. माझा नियम माणशी तीन लिटर गावातून, तेही दोन वेगवेगळ्या बाटल्यांत, म्हणजे एक फुटली वा दरीत गेली तरी दुसरी राहते. एक लिटर दुपारी बारापर्यंत, एक कातळटप्पा संपेपर्यंत, आणि तिसरा राखीव, जो गुहेत पोचल्याखेरीज उघडायचा नाही.

गुहेत पोचल्यावर सॅक टाकून आडवे होण्याआधी पाणी भरायचे. उजेड असताना टाके दिसते, त्याचा काठ किती निसरडा आहे ते दिसते, पाण्यावर काय तरंगते आहे तेही दिसते. अंधारात यातले काहीच दिसत नाही. आठ जणांचा चहा, खिचडी, रात्रीचे पिणे आणि सकाळचा पुन्हा चहा यासाठी पंधरा लिटर सहज लागतात. पाणी सुती फडक्यातून गाळून उकळावे, नुसते क्लोरीनचे थेंब टाकले तर गढूळ पाण्यात त्यांचा भरवसा धरता येत नाही. रविवारी अलंग उतरण्याआधी पुन्हा तीन-तीन लिटर भरून घ्यावे, कारण मदनवरच्या पाण्यावर दिवसाची आखणी करणे मला मान्य नाही. आणि टाक्यात हातपाय, भांडी वा साबण कधीही घालू नये. शेकडो वर्षांपूर्वी कातळ फोडून कोणीतरी ते पाणी साठवले आणि आजही पुढचा तहानलेला माणूस त्याच पाण्याच्या भरवशावर वर येतो आहे. भांडी काठापासून लांब, घेतलेल्या पाण्यात, राखेने घासावीत.

जेवणाची निवडही पाण्यावरूनच करावी. एका पातेल्यात होणारी खिचडी उत्तम. वेगवेगळ्या भाज्या, पोळ्या आणि त्यांची तेलकट भांडी हा गडावर नको असलेला खर्च आहे. गूळपोळी, तिळाची चटणी लावलेल्या दशम्या आणि शेंगदाणे यांना ना पाणी लागते ना चूल.

दोराबद्दल थोडे

कातळटप्पा नव्वद फुटांचा असेल तर उतरताना दोर दुहेरी लागतो. पन्नास मीटरचा दोर मधोमध दुमडला की पंचवीस मीटर, म्हणजे ब्याऐंशी फूट उरतो आणि शेवटचे काही फूट हवेत राहतात. साठ मीटरचा दोर घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारल्याशिवाय तो खाली सोडू नये. कातळात आधीच ठोकलेले जुने बोल्ट आयते मिळाले म्हणून केवळ त्यांच्यावर भार टाकणे हा वेळ वाचवण्याचा सर्वांत वाईट मार्ग आहे. हेल्मेट चढणाऱ्याइतकेच खाली थांबलेल्याला हवे. ज्याला चढणाऱ्याचा दोर सांभाळता (म्हणजे ‘बिले’ देता) येत नाही त्याने ते खिंडीत शिकायचे नसते. त्यासाठी शहराजवळची प्रस्तरारोहणाची सरावाची जागा आणि एक मोकळा रविवार पुरतो.

तंबू

गुहा असताना तंबू कशाला न्यावा, हे मला समजत नाही. गटाला गुहा अपुरी पडणार असेल किंवा तिथे आधीच कोणी असेल तरच न्यावा. कातळपठारावर खुंट्या शिरत नाहीत, म्हणून दहा-बारा मीटर जाड सुतळी जवळ ठेवावी आणि तंबूच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. रात्री खिंडीकडून येणारा वारा रिकामा तंबू उचलून दरीत टाकू शकतो, तेव्हा आत सामान ठेवल्याखेरीज तंबू उभा सोडून जाऊ नये. कड्याखाली, घळीच्या तोंडाशी आणि दरीच्या काठाला लागून तंबू लावू नये, काठावरून सूर्योदय कितीही सुंदर दिसत असला तरी. थंडीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि सर्वांत जास्त थंडी खालच्या कातळातून येते, त्यामुळे पांघरुणापेक्षा कॅरीमॅटवर पैसे खर्चावेत.

आणखी काही

नवे बूट घालून येऊ नका. जीन्स नको. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्या खाली धूर करू नये, अत्तर लावून जाऊ नये, आरडाओरडा करू नये. मोहोळ उठले तर हातवारे न करता तोंड झाकून तिथून दूर जावे. दोरावर असलेल्या माणसाला ते शक्य नसते, म्हणून चढण्याआधी कडा नीट न्याहाळावा.

इंटरनेटवरून उतरवलेली वाट वाटाड्याची जागा घेऊ शकत नाही. कोणत्या वळणावर यंदाच्या पावसात दरड आली आहे हे आंबेवाडीतल्या माणसाला ठाऊक असते, नकाशावरच्या त्या रेषेला नसते. वाटाड्याचे मानधन आधी ठरवावे आणि त्यात घासाघीस करू नये.

परतीची गाडी रविवारी दुपारी चारची सांगू नका, सातची सांगा. चारची सांगितली की मदन उतरताना प्रत्येकजण घड्याळ पाहू लागतो आणि उतरताना केलेली घाई चढतानाच्या घाईपेक्षा घातक ठरते. डोंगरात बऱ्याच ठिकाणी भ्रमणध्वनीला रेंज नसते, म्हणून चालक, वाटाड्याचे घर आणि शहरातला एक जबाबदार माणूस, या तिघांकडे सर्वांची नावे, ठरलेला मार्ग आणि अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचे, हे लिहून दिलेले असावे. मी ती वेळ रविवारी रात्री दहाची ठेवतो. त्यानंतर शहरातल्या माणसाने आमची वाट पाहत बसायचे नाही, आधी आंबेवाडीत फोन करायचा आणि तिथून खबर मिळाली नाही तर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरच्या मदतवाहिनीला कळवायचे. तो क्रमांक निघण्यापूर्वी त्याच कागदावर लिहून ठेवावा, आणि गावात सुखरूप उतरल्यावर त्या तिघांनाही आठवणीने कळवावे.