वाक्यांचा लिलाव आणि भूतकाळाची टोपी: इंग्रजी व्याकरणाचे गटखेळ वर्गात कसे घ्यावेत

व्याकरणाचा खेळ फसतो तो बहुतेक वेळा गुणांमुळे. मुलं ज्याला गुण मिळतात तेच करतात. पहिला हात वर करणाऱ्याला गुण दिले, की वर्गात हात वर करण्याचा सराव होतो. म्हणून खेळ निवडण्याआधी गुण कशाला द्यायचे ते ठरवा, आणि गटातल्या प्रत्येक मुलावर वाक्य तयार करायची वेळ येईल अशी सोय करा. खाली दोन खेळ सविस्तर दिले आहेत, आणखी दोन थोडक्यात. हिशोब पाचवी ते नववीचा, ४८ मुलांचा, ३५ मिनिटांच्या तासिकेचा धरला आहे. नवीन नियम शिकवायला हे खेळ वापरू नका. नियम आधी शिकवून झालेला असावा, खेळ फक्त सरावासाठी.

बाकं न हलवता गट

पुण्याच्या पेठेतल्या जुन्या शाळांच्या वर्गात बाकं सरकवायला जागा नसते, आणि सरकवली तर पाच मिनिटं त्यातच जातात. एका बाकावर तिघं बसत असतील तर पहिल्या, तिसऱ्या अशा विषम बाकांवरच्या मुलांना फक्त मागे तोंड करून बसायला सांगा. सहा जणांचा गट तयार. १६ बाकांचे ८ गट होतात.

गटातल्या प्रत्येकाला १ ते ६ क्रमांक द्या आणि लुडोचा फासा जवळ ठेवा. उत्तर द्यायची वेळ आली की फासा टाकायचा, जो आकडा पडेल त्या क्रमांकाच्या मुलाने बोलायचं. एका फाशाने निम्मी कामं होतात. हुशार मुलगी स्वतःच उत्तर देऊन मोकळी होऊ शकत नाही, तिला शेजारच्याला समजावून सांगावं लागतं. तिची चर्चा मराठीत होऊ द्या. 'अगं, डिड आलाय ना, मग वेन्ट कशाला?' हे मराठीतलं वाक्य इंग्रजी व्याकरणच आहे. उत्तर मात्र पूर्ण इंग्रजी वाक्यात हवं.

सामान थोडं लागतं: ८ पाट्या, खडू, एक फासा, दोन गांधी टोप्या, जाड कार्डशीट आणि मार्कर. कार्डशीट आणि मार्कर अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतात. कार्डावरचं अक्षर किमान दोन इंच उंच काढा, नाहीतर शेवटच्या बाकावरून दिसत नाही आणि मागची मुलं खेळाबाहेर जातात.

वाक्यांचा लिलाव

फळ्यावर दहा वाक्यं लिहा, पाच बरोबर आणि पाच चूक. हे प्रमाण मुलांना सांगू नका. प्रत्येक गटाकडे ५०० रुपये, अर्थात वहीतल्या हिशोबापुरते. बरोबर वाक्यं विकत घ्यायची, चूक वाक्यांपासून लांब राहायचं.

सगळी मेहनत वाक्यं निवडण्यात आहे. चुका पुस्तकातून घेऊ नका, वह्यांतून घ्या. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका ठरावीक असतात आणि त्यांना कारणं असतात. 'आय आस्क्ड टू हिम' होतं, कारण मराठीत आपण 'त्याला' विचारतो आणि तो 'ला' कुठेतरी दाखवावासा वाटतो. 'व्हेअर यू आर गोइंग?' होतं, कारण 'तू कुठे चाललायस?' विचारताना आपल्याला शब्दांची अदलाबदल करावी लागत नाही. 'वी डिस्कस्ड अबाउट द ट्रिप' मध्ये 'सहलीबद्दल' डोकावतं. त्यात 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ज इन कोथरूड' आणि 'शी डिडन्ट वेन्ट टू स्कूल' घाला, पाच चुका झाल्या.

बरोबर वाक्यं दिसायला संशयास्पद हवीत, नाहीतर लिलावात मजा राहत नाही. 'देअर इज अ युनिव्हर्सिटी इन गणेशखिंड.' 'माय ब्रदर इज ॲन एमबीए स्टुडंट.' 'वेट फॉर ॲन अवर.' 'द न्यूज इज गुड.' 'डझ शी लाइक मिसळ?' पहिल्या तीन वाक्यांवर गट हमखास अडतात, कारण 'स्वर आला की ॲन' हा नियम मुलं स्पेलिंग बघून लावतात. इथे मराठी मुलांच्या हातात एक हुकमी साधन आहे: शब्द देवनागरीत लिहून बघायचा. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होतो, म्हणून 'अ'. एमबीए 'ए'ने, म्हणून 'ॲन'. अवर 'अ'ने, म्हणून 'ॲन'. वन-रुपी कॉइन 'व'ने, म्हणून 'अ'. नियम उच्चाराचा आहे, आणि उच्चार लिहून दाखवणारी लिपी मुलांना पहिलीपासून येते. ही युक्ती लिलावाआधी सांगू नका. युनिव्हर्सिटीवर दोन गट भांडायला लागले की फळ्यावर लिहून दाखवा. मग ती विसरली जात नाही.

चर्चेला सात मिनिटं द्या. मग एकेक वाक्य पुकारा. मार्केट यार्डात बोली तोंडी लागते. वर्गात ती पाटीवर लिहूनच घ्या. तोंडी बोलीत आठ गट ओरडतात, शेजारच्या वर्गातले सर दारात येतात आणि पुढच्या वेळी खेळाला परवानगी मिळत नाही. तुम्ही टाळी वाजवली की आठही पाट्या एकदम वर. बोली ५० च्या पटीत, एका वाक्याला जास्तीत जास्त २००. ही मर्यादा घातली नाही तर एखादा गट पहिल्याच वाक्यावर पाचशे उडवतो आणि पुढे नुसता बसून राहतो. वाक्य चूक वाटलं तर पाटीवर शून्य लिहायचं. पैसे संपलेल्या गटानेही 'बरोबर' किंवा 'चूक' लिहायचंच. बोली सारखी आली तर ज्या गटाकडे कमी वाक्यं आहेत त्याला द्या, तरीही सारखीच असेल तर नाणं उडवा.

गुण असे: बरोबर वाक्य घेतलं तर २. चूक वाक्य घेतलं तर वजा १, पण फाशाने निवडलेल्या मुलाने ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं तर वजा पुसायचा. आणि चूक वाक्यावर ज्यांनी शून्य किंवा 'चूक' लिहिलं त्यातला एक गट बोलावून फासा टाका. दुरुस्त वाक्य आणि कारण सांगितलं तर १ गुण. नुसतं शून्य लिहिण्याला गुण नाही, नाहीतर सावध गट काहीही न बोलता जिंकतो. उरलेल्या पैशांनाही गुण नाहीत.

वाद होणारच. 'बाई, आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलंय!' म्हणून दोन्ही रूपं चालतात अशी वाक्यं लिलावात ठेवूच नका. 'इन हॉस्पिटल' की 'इन द हॉस्पिटल', 'द टीम इज' की 'द टीम आर', असली वाक्यं पुढच्या एखाद्या तासाला निवांत चर्चेसाठी ठेवा. प्रत्येक वाक्याचा निर्णय आणि एका ओळीत कारण घरूनच लिहून आणा.

भूतकाळाची टोपी

'डिडन्ट वेन्ट' ही चूक नववीपर्यंत टिकते. तिच्यासाठी हा खेळ.

सहा कार्डं करा: 'शी', 'टू मंडई', 'डिड', 'नॉट', एका बाजूला 'वेन्ट' आणि मागे 'गो' लिहिलेलं एक, आणि एका बाजूला पूर्णविराम, मागे प्रश्नचिन्ह असलेलं एक. असे दोन संच आणि प्रत्येक संचाला एक गांधी टोपी. टोपी म्हणजे भूतकाळ. वाक्यात टोपी एकच, आणि ती फक्त क्रियापदाच्या किंवा 'डिड'च्या डोक्यावर.

दोन गट फळ्यापुढे येतात. आधी साधं विधान उभं राहतं: शी, वेन्ट, टू मंडई, पूर्णविराम. टोपी 'वेन्ट'वाल्या मुलाच्या डोक्यावर, 'डिड' आणि 'नॉट' बाजूला उभे. तुम्ही म्हणता, 'प्रश्न करा.' 'डिड' धावत येऊन 'शी'च्या डावीकडे उभा राहतो, म्हणजे वाचणाऱ्यांच्या डावीकडे. 'वेन्ट' टोपी काढून त्याच्या हातात देतो, आणि टोपी गेल्यामुळे स्वतःचं कार्ड उलटतो: 'गो'. शेवटचा मुलगा प्रश्नचिन्ह दाखवतो. नकारात 'डिड'सोबत 'नॉट'ही येतो, आणि दोघं 'शी' आणि 'गो'च्या मध्ये उभे राहतात.

घाईत काय होतं? टोपी पोचते, पण कार्ड उलटायचं राहतं, आणि वर्गासमोर 'डिड शी वेन्ट' उभं असतं. हीच ती वहीतली चूक. तुम्ही दुरुस्त करू नका. बसलेल्या गटांना एवढंच विचारा, 'भूतकाळ किती ठिकाणी दिसतोय?' मराठीत 'गेली का?' म्हणताना भूतकाळ क्रियापदातच राहतो, म्हणून मुलांना 'वेन्ट' सोडवत नाही. टोपी हातातून जाताना दिसली की ते सुटतं.

टोपी आणि क्रियापदाचं रूप दोन्ही बरोबर असेल तर २ गुण, शब्दक्रमाला १, विरामचिन्हाला १. आधी उभं राहिल्याचा जादा १ गुण फक्त चारही गुण मिळवणाऱ्या गटाला. बसलेले सहा गट तेच वाक्य पाटीवर लिहितात, बरोबर असेल तर त्यांनाही १. चार जोड्या, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, म्हणजे एका तासिकेत बसतं. पहिल्या वेळी 'वॉज'ची वाक्यं घेऊ नका, तिथे 'डिड' येत नाही. 'हू वेन्ट टू मंडई?' हेही नववीसाठी ठेवा, कारण तिथे कर्ताच विचारलेला असल्याने टोपी हलत नाही.

वर्तमानकाळासाठी टोपीऐवजी 'एस' लिहिलेलं कार्ड वापरा. 'शी लिव्ज'चा प्रश्न करताना तो एस 'डझ'कडे जातो आणि 'लिव्ह' मोकळं होतं.

फळ्याची शर्यत, आणि खो

फळ्यावरच्या शर्यतीत गटातल्या एकेकाने येऊन एकेक वाक्य लिहायचं. अट एकच: आपलं वाक्य लिहिण्याआधी वरच्याची चूक दुरुस्त करता येते. वेगाला गुण देऊ नका, बरोबर वाक्यांना द्या. धावण्याच्या वाटेतली दप्तरं आधी बाकाखाली सरकवा.

मैदान मोकळं असेल तर खो-खोसारखं एकाआड एक उलट तोंडाने आठ जणांना बसवा. नवव्याने क्रियापद म्हणायचं आणि खो द्यायचा, उठणाऱ्याने त्याचा भूतकाळ म्हणून पुढचं क्रियापद द्यायचं. पाठांतराला चांगला आहे, वाक्यरचनेला नाही.

शेवटची पाच मिनिटं

गुण मोजायच्या आधी फळ्यावरची चूक वाक्यं पुसून टाका. राहिली तर मुलं तीच उतरवून घेतात. वहीत फक्त बरोबर वाक्यं जातात, आणि प्रत्येकाने त्याच साच्यातलं एक नवं वाक्य स्वतःचं लिहायचं. खेळ चालू असताना कानावर पडलेल्या चुका एका कागदावर टिपत राहा. पुढच्या लिलावाचा माल तोच. दोन दिवसांनी, न सांगता, त्यातली तीन वाक्यं दुरुस्त करायला द्या, एकेकट्याला, गटाशिवाय. निम्म्याहून जास्त मुलं चुकली तर पुढचा खेळ नवीन विषयावर घेऊ नका, त्याच नियमावर वेगळी वाक्यं आणा. गट महिन्याने बदला.