ओव्याचा वास येणारे स्फटिक : सायक्लोडेक्स्ट्रिनवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या पोकळ कड्यासारख्या शर्करा-रेणूच्या समावेशन संकुलांवर (म्हणजे कड्याच्या पोकळीत दुसरा रेणू, 'पाहुणा', सामावलेल्या जोड्यांवर) संशोधन सुरू करणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगेन, की परीक्षानळीत सर्वांत आधी दिसणारा मोठा, देखणा स्फटिक रिकामा असण्याची शक्यता फार असते. माझे सात महिने यातच गेले. ते आठवले की आजही जीव हळहळतो, म्हणून याविषयी सविस्तर लिहितो आहे.

अल्फा, बीटा आणि गॅमा म्हणजे द्राक्षशर्करेच्या सहा, सात आणि आठ घटकांची कडी, हे तुम्ही वाचलेले असेलच. बीटाची अडचण अशी की 25 अंश सेल्सिअसला 100 मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम 1.85 ग्रॅम विरघळते, गरम पाण्यात मात्र भरपूर विरघळते. डिसेंबरात नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत मी ओव्यातील थायमॉल (ओव्याला वास देणारा रेणू, माझा पाहुणा) घालून केलेले गरम द्रावण टेबलावर तसेच ठेवून घरी गेलो. रात्रीच्या थंडीत ते झपाट्याने निवले आणि सकाळी तळाशी काचेच्या कपच्यांसारखे स्वच्छ स्फटिक दिसले. गाळून घेतले तर त्यांना ओव्याचा वास येत होता. माझ्या मार्गदर्शकांनी आणि मीही त्या वासालाच पुरावा मानले. पहाटेच्या बसने नळी घेऊन पुण्याला गेलो, स्फटिकाचे क्ष-किरणांनी पूर्ण मापन करून घेतले आणि पोकळीत दिसणाऱ्या, अणूंच्या जागा दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन घनतेच्या ठिपक्यांवर थायमॉलचा रेणू बसवण्याचा प्रयत्न महिनोन्महिने करत राहिलो. ते ठिपके पाण्याचे होते. वास होता तो पृष्ठभागावर चिकटलेल्या थायमॉलचा.

म्हणून हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : 21.3, 10.3 आणि 15.1 अँगस्ट्रॉम, कोन सुमारे 112 अंश. हा बीटाच्या साध्या हायड्रेटचा (आत फक्त पाणी असलेल्या स्फटिकाचा) युनिट सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी मूळ चौकट, आहे. त्यात एका कड्यामागे सुमारे बारा पाण्याचे रेणू असतात आणि कडी माशाच्या काट्यासारखी तिरपी रचलेली असल्याने प्रत्येकाचे तोंड शेजारच्यामुळे बंद होते. थायमॉलएवढा पाहुणा आत असेल, तर बहुतेक वेळा दोन कडी रुंद तोंडे एकमेकांना लावून जोडीने बसतात आणि सेल स्पष्टपणे बदलतो. मापनाच्या सुरुवातीच्या काही फ्रेममधूनच (क्ष-किरण चित्रांमधूनच) सेल कळतो; तो वरच्या आकड्यांशी जुळला, तर मापन तिथेच थांबवा. मेथॅनॉल, इथेनॉल यांसारखे छोटे पाहुणे मात्र याच रचनेत मावतात, त्यामुळे थायमॉल इथेनॉलमध्ये विरघळवून घातले असेल, तर आत इथेनॉलच तर नाही ना, हेही तपासावे लागते.

पुण्याला निघण्यापूर्वी थोडे स्फटिक ईथरने चटकन धुऊन, ड्युटेरियमयुक्त डीएमएसओमध्ये विरघळवून प्रोटॉन एनएमआर (रेणूंतील हायड्रोजनचे संकेत मोजणारी चाचणी) घ्या; यजमान, म्हणजे कडे, आणि पाहुण्याचे प्रमाण लगेच समजते. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः न पाहता 'आधी डेटा आणा' म्हणणाऱ्या मार्गदर्शकावर विसंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. पाहुणा अस्ताव्यस्त दिसतो म्हणून स्क्वीझ ही संगणकीय पद्धत वापरून त्याची घनता पुसून टाकणे हा तर आडमार्गच आहे, कारण ज्याच्यासाठी सारे काम केले तोच त्यातून नाहीसा होतो. आर-मूल्य (मांडलेली रचना आणि मापन यांतील तफावतीचा आकडा) लहान रेणूंपेक्षा जास्त आले म्हणून मात्र खचू नका. विस्कळीत पाणी आणि दोन ठिकाणी विभागलेला पाहुणा असताना तसे होणारच.

द्रावण हळू निववायचे असेल, तर नळी गरम पाण्याने भरलेल्या थर्मासमध्ये ठेवून झाकण लावा आणि दोन-तीन दिवस त्याला हात लावू नका. स्फटिक कागदावर टिपू नका. पाणी उडून तो पाहता पाहता दुधाळ होतो. मूळ द्रावणातून थेट तेलात घ्या आणि 100 केल्विनच्या थंड झोतात बसवा.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या थर्मासमधून निघालेले स्फटिक लहान, कडा तुटलेले होते. ते पाहून मी जवळजवळ नळी रिकामी करणार होतो. तरी एक बसवला. सेल वेगळा निघाला, आणि दोन दिशांना विभागलेले का होईना, थायमॉल आत होते.